पोलिक्सेनीचे दहा टक्के

बँकेच्या काउंटरवर त्या सकाळी जे पाहिलं, त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. मी काही नाजूक बाई नाही. नवऱ्याला मातीआड करून आले आणि तिसऱ्या दिवशी कॉफीचं दुकान उघडलं. बँकांनी दारं लावून घेतली आणि सगळा ग्रीस देश दिवसाचे साठ युरो काढायला रांगेत उभा राहिला, तेव्हा मी त्या रांगेत किटली घेऊन कॉफी विकली. पण त्या सकाळी माझ्या हातातून गाडीची किल्ली खाली पडली आणि ती उचलायचं भानसुद्धा मला राहिलं नाही. आणि हे घडलं कुणाच्या घरात? पोलिक्सेनीच्या! गावात कुणाच्याही पैशाचं वाटोळं होईल पण तिच्या घरातल्या पैशाचं होणार नाही, यावर मी डोळे मिटून माझं दुकान पैजेला लावलं असतं. नशीब, कुणी पैज लावली नाही.

पोलिक्सेनी म्हणजे आमच्या गावची करसल्लागार. माझ्या दुकानासमोर, पूर्वी जिथे न्हावी बसायचा त्या खोलीत तिचं ऑफिस आहे. न्हाव्याची खुर्ची तिने ठेवली, मोठा आरसाही काढला नाही. "टॅक्सचा आकडा ऐकताना माणसाने स्वतःचं तोंड बघावं, म्हणजे पुढच्या वर्षी पावत्या जपून ठेवतो," असं तिचं म्हणणं. खोली भाड्याची. ती विकत घ्यायची म्हणून बाई वर्षानुवर्षं पैसे साठवत होती. अंगाने बुटकी, चश्मा कायम केसांत खोचलेला, आणि आवाज एवढा मोठा, की रस्त्यापलीकडे कुणाला किती दंड झाला ते मला माझ्या गल्ल्यावर बसून कळतं. लग्न केलं नाही. एकदा ठरलं होतं, अंगठीही झाली होती. पण मुलाने आपल्या भावाच्या दोन गाड्या स्वतःच्या नावावर करून घेतल्यात हे कळलं आणि हिने अंगठी परत पाठवली.

"अगं, गाड्यांसाठी नवरा सोडलास?" मी तेव्हा विचारलं होतं.

"गाड्यांसाठी नाही, वार्वारा, अकलेसाठी," ती म्हणाली. "नावावर गाडी असली की सरकार म्हणतं, गाडी पोसतोस म्हणजे कमाई असणारच, काढ टॅक्स. चालवणार भाऊ, भरणार हा. आणि लग्न झालं की भरणार मी!"

सकाळची गर्दी ओसरली की ती बिनसाखरेची कॉफी प्यायला यायची आणि माझ्या दुकानातली माणसं तिच्याभोवती गोळा व्हायची. फुकटचा सल्ला म्हटल्यावर आमच्या गावात लंगडासुद्धा धावतो. तीही ओरडायची, पण सांगायची. मेंढपाळाच्या बायकोला म्हणाली, "घरखर्च रोखीने करू नकोस, कार्डाने कर. कमाईचा ठराविक भाग कार्डातून गेलेला दिसला नाही तर उरलेल्यावर वेगळा टॅक्स बसतो. मेंढीला कार्ड कळत नाही, तुला तरी कळू दे!" नुकतं लग्न झालेल्या जोडप्याला म्हणाली, "लग्न चर्चमध्ये लागलं, कॉम्प्युटरवर नाही लागलं. तिथे नोंद करा, नाहीतर सरकारच्या लेखी तुम्ही अजून एकमेकांना ओळखत नाही." जत्रेत क्लॅरिनेटवाल्याच्या कपाळावर आमचे पुरुष नोट चिकटवून आपलं गाणं मागतात ना, त्यावरसुद्धा ती कुरकुरायची. "त्या कपाळाची पावती कुठे मिळते?"

तिचा एकच प्रतिस्पर्धी होता, स्तेर्गिओस. निवृत्त बसड्रायव्हर, शेगडीजवळच्या टेबलाचा जन्मजात मालक. आयुष्यभर यान्निना शहराची बस चालवली, त्यामुळे जगात कुठे काय शिजतंय ते आपल्याला कळतं असा त्याचा समज. ती ऑफिसात परत गेली की त्याचं सुरू व्हायचं. "तिचं ऐका, पण मोठी रक्कम बँकेत नेऊ नका. नाव लिहून घेतात." किंवा, "पावती मागाल तर तुमचंच नाव वर जातं." एकदा हे पोलिक्सेनीच्या कानावर गेलं.

"स्तेर्गिओस," ती भर दुकानात म्हणाली, "तुझी बस दोनदा ओढ्यात गेली होती. तसेच सल्ले देतोस."

"पण माणूस एकही मेला नाही," तो म्हणाला.

सगळे हसले, मीही हसले. आता वाटतं, हसायला नको होतं.

पोलिक्सेनीची धाकटी बहीण इव्हान्थिया. ही थोरलीच्या अगदी उलट, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. म्हाताऱ्या फोतिसच्या बेकरीत पोरसवदा असताना लागली आणि तिथेच तिचे हात तयार झाले. रानभाजी आणि चीज भरलेली तिची पिटा खायला वरच्या वाड्यांवरून लोक येतात. गेल्या वर्षी फोतिस म्हणाला, "गुडघे गेले माझे, मी आता मुलाकडे जर्मनीला जातो. भट्टीसकट दुकान घेतेस का? ऑगस्ट संपेपर्यंत थांबतो. त्यानंतर यान्निनाचा एक माणूस तयार आहे, तो तिथे मोबाइलचं दुकान टाकणार आहे."

इव्हान्थियाने अंगात वारं शिरल्यासारखं स्वतःजवळचं होतं नव्हतं ते सगळं त्याला इसार म्हणून देऊन टाकलं. ऑगस्टअखेर बाकीची रक्कम दिली नाही तर इसारही बुडणार आणि नोकरीही. मोबाइलच्या दुकानात पिटा कोण भाजणार? नवऱ्याची कमाई यथातथाच, घरात दोन मुलं. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचं काही मागत होती. आम्हा सगळ्यांचा जीव त्या भट्टीत अडकला होता.

पोलिक्सेनीने तिला समोर बसवून धडे दिले. मी कॉफी घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं.

"आधी धंद्याची नोंदणी, मग फोतिसला पैसे. उलटं केलंस तर एवढ्या भट्टीचा खर्च मी कुठे दाखवू? माझ्या डोक्यावर?"

"बरं."

"घराचं खातं वेगळं, दुकानाचं वेगळं. आणि गिऱ्हाइकाने पिटाबरोबर जो टॅक्स दिला तो त्याच दिवशी बाजूला. तो पैसा तुझा नाही. लोकांनी तुझ्याकडे ठेवायला दिलाय. त्यातून पोराला बूट घेतलेस तर एक दिवस पोराच्या पायातून बूट जातील."

"बरं, ताई."

"नवीन धंद्याला पहिली तीन वर्षं सवलत असते. त्या तीन वर्षांत शेफारायचं नाही. चौथ्या वर्षी खरा आकडा येतो आणि तेव्हाच निम्मे लोक माझ्या आरशासमोर रडतात. आता सांग, बाकीची रक्कम कुठून आणणार?"

"बाबा देतो म्हणाले," इव्हान्थिया म्हणाली.

त्यांचे बाबा म्हणजे झिसिस काका. वय चौऱ्याऐंशी, उंच, काटकुळे, जन्मभर मधमाश्या पाळलेले. पोलिक्सेनीने विचारलं तेव्हा ते माझ्याच दुकानात दाराशी बसले होते.

"बाबा, तुमच्याकडे आहेत पैसे?"

"आहेत."

"पुरतील?"

"दुकान येईल, भट्टी येईल आणि वर तुला नवा चश्मा येईल."

"ठेवलेत कुठे?"

"माश्यांखाली. चोराने हात घालून बघावा!"

पोलिक्सेनीला नवल वाटलं नाही. त्यांचे कर-विवरणाचे कागद तीच भरायची. पेन्शन जमा झाली की काका त्याच दिवशी सगळी काढून आणतात, हे तिला ठाऊक होतं. खायला परसातला भाजीपाला, अंगावर तोच कोट. म्हातारा साठवतोय, असंच ती समजली, आणि आम्हीही तेच समजलो. ती पेन्शन मंदीच्या वर्षांत गुपचूप इव्हान्थियाच्या घरात जात होती, हे इव्हान्थियाशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मग बापलेकीचं जे भांडण जुंपलं ते आठवडाभर चाललं. प्रश्न एकच होता, पैसे द्यायचे कसे.

"बापाने मुलीला बँकेतून, खात्यातून खात्यात दिले तर टॅक्स शून्य," पोलिक्सेनी म्हणाली. "शून्य, बाबा! आणि हातात दिले तर दहा टक्के. सरकार जन्मात एकदा काहीतरी सोडतंय, घ्या की!"

"मुलीला पैसे यंत्राने द्यायचे? मी मेलोय का?"

"बाबा..."

"माझ्या बापाने माझ्या बहिणीला मरियामातेच्या जत्रेत दिले. चर्चच्या अंगणात, गावासमोर, हातावर ठेवले. कुणी म्हटलं नाही की झिसिसच्या बहिणीला बाप नव्हता."

"आणि गावासमोर दिलेत तर साक्षीला अख्खं गाव! निदान लपवायची तरी सोय ठेवा!"

दुकानात हशा पिकला. झिसिस काका मात्र हसले नाहीत. शेवटी इव्हान्थियाच बोलली, तीही हळूच. "बाबा, त्या दहा टक्क्यांत माझं वर्षाचं पीठ येईल."

 मग पोलिक्सेनीकडे बघून म्हाताऱ्याने विचारलं, "एवढे पैसे मी बँकेत नेले, तर तुला काही होणार नाही ना?"

"मला? मला काय होणार? उलट माझ्या पाया पडतील, तुम्हाला बँकेत आणलं म्हणून!"

"मग ठीक आहे. बँक तर बँक."

या प्रश्नाचा अर्थ तेव्हा आमच्यापैकी एकालाही कळला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

आमच्या गावातली बँकेची शाखा कधीच बंद झाली, म्हणून जुलैच्या अखेरीस मी माझ्या गाडीतून दोघांना यान्निनाला नेलं. इव्हान्थिया भट्टीवर होती. झिसिस काकांनी चर्चला जायचा कोट घातला होता आणि मांडीवर चीजचा मोठा पत्र्याचा डबा होता, झाकण डाख देऊन बंद केलेलं. वाटभर गाडीत मेणाचा आणि मधाचा वास. पोलिक्सेनी पुढे बसून कुठल्या कागदावर कुठे सही करायची ते तिसऱ्यांदा सांगत होती. "आज तुमच्या खात्यात भरायचे. मग तुमच्या खात्यातून तिच्या खात्यात. मग मी नोंद करते. झालं."

बँकेतली मुलगी गोड होती. "बोला काका," म्हणाली. काकांनी खिशातून चाकू काढला, तशी ती दचकली. "झाकणासाठी गं बाई," मी म्हटलं. पत्रा कापला गेला. आत मेणकापडाची गुंडाळी होती. ती काकांनी दोन्ही हातांनी उलगडली आणि एकेक गड्डी काउंटरवर मांडली, नीट, सरळ रेषेत.

मी आधी नोटांचा रंग पाहिला. मग त्यावरचा शिरस्त्राण घातलेला मिशाळ सेनापती पाहिला. इतक्या वर्षांत तो मला कुठे दिसला नव्हता. आणि माझ्या हातातली किल्ली पडली.

द्राख्मा होते ते, युरोच्या आधीचं आमचं चलन. सगळे द्राख्मा. नव्वद लाखांच्या आसपास, नोटा कोऱ्या, कडक, एकही मुडपलेली नाही.  पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, तर खरोखरच मी काउंटर धरला.

"काका," ती मुलगी अगदी हळू म्हणाली, "हे... या आता बंद झाल्या."

"माहीत आहे. युरो आले तेव्हा बंद झाल्या. बदलून द्या."

"बदलून द्यायची मुदत संपली, काका."

"राज्याचा शिक्का आहे त्यावर," झिसिस काका म्हणाले. "राज्य आहे ना अजून?"

मुलीने वर पाहिलं आणि पोलिक्सेनीकडे पाहिलं. मीही पोलिक्सेनीकडे पाहिलं. आता ही बँक डोक्यावर घेणार असं मला वाटलं. पण तिच्या तोंडून आवाजच फुटेना. नोटांवर नजर, हात अर्धवट वर उचललेला, ओठ पांढरेफटक. मग माझ्या ओळखीचा नसलेला एक बारीक आवाज आला. "बाबा, दोन हजार बारा साली शेवटची तारीख होती. मार्च महिना."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, नोटांकडे पाहिलं आणि एकेक गड्डी परत मेणकापडात ठेवायला लागले. घाई नव्हती काही. मागे रांगेत एक माणूस हसला. मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो रांग सोडून निघूनच गेला.

परत येताना घाटातल्या झऱ्यापाशी मला गाडी थांबवावी लागली. समोरचं वळण दिसत नव्हतं. पोलिक्सेनी मागे वळली.

"मला का नाही विचारलंत? युरो आले तेव्हा मी होते ना! माझं लायसन नुकतंच भिंतीवर लागलं होतं!"

"म्हणूनच नाही विचारलं," झिसिस काका म्हणाले.

"म्हणजे?"

"मधाची पावती मी कधी दिली नव्हती. तेव्हा कोण देत होतं? वार्वाराच्या दुकानात बोलणं निघालं. म्हणाले, एवढे द्राख्मा बँकेत नेले की टॅक्सवाले विचारतात, कुठून आणलेस. आणि ज्याची मुलगी टॅक्सचं काम करते, तिचं लायसन आधी काढून घेतात. घरातच चोर म्हणून." काकांनी डब्यावरचा मेणाचा ठिपका नखाने खरवडला. "तू रात्रीचा दिवस करून शिकली होतीस. मी म्हटलं, पैसे काय, नंतर बघू."

"आणि नंतर?"

"नंतर मुदत आली तेव्हा तेच लोक म्हणाले, देश युरो सोडणार, द्राख्मा परत येतोय. ज्याने जपून ठेवले तो राजा. मी म्हटलं, मग तर प्रश्नच मिटला. तुझ्या नावाला धक्का न लागता पैसे आपोआप खरे होतील."

कोण ते लोक, हे काकांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. माझ्या दुकानात शेगडीजवळ टेबल एकच आहे.

मी बाहेर उतरून झऱ्याचं पाणी तोंडावर मारलं. मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. एक माणूस मुलीचं लायसन वाचवायला वीस वर्षं आपल्या कष्टाच्या पैशावर मधमाश्या बसवून राहतो. आणि ती मुलगी त्याच्यापासून दोन गल्ल्यांवर बसून अख्ख्या गावाला सांगत असते की भिऊ नका, विचारा! तिला सगळ्यांनी विचारलं, विचारलं नाही ते एकट्या बापाने. आणि विचारलं असतं, तर?

हे पोलिक्सेनीनेच सांगितलं, गाडीत, त्याच बारीक आवाजात. "काही झालं नसतं, बाबा. थोडा टॅक्स बसला असता. वर दंड. पाचातले चार भाग तरी उरले असते. माझ्या लायसनला कुणी बोटसुद्धा लावलं नसतं."

"तसं?" काका म्हणाले.



गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली. बँकेतल्या मुलीची मावशी आमच्याच गावची, दुसरं काय होणार? दुकान खच्चून भरलं, पण एरवीचा गलबला नव्हता. स्तेर्गिओस आपल्या टेबलाशी बसला होता, चेहरा राखेच्या रंगाचा. पोलिक्सेनी आत आली तेव्हा मी काचेचे पेले उचलून मागे ठेवले. आज काहीतरी फुटणार याची मला खात्री होती.

ती सरळ त्याच्या समोर जाऊन बसली.

"स्तेर्गिओस."

"मला काय माहीत होतं की तो खरंच..." स्तेर्गिओस टेबलाकडे बघत म्हणाला. "मी आपलं बोललो. सगळेच बोलत होते."

"दुसऱ्याच्या बापाला सल्ला देताना," ती म्हणाली, "त्याच्या मुलीला एकदा विचारत जा. समोरच बसते ती."

बस्, एवढंच. कॉफी न घेता उठली आणि गेली. ती ओरडली असती तर आम्हा सगळ्यांना बरं वाटलं असतं. स्तेर्गिओसने महिनाभर तोंड उघडलं नाही. मग उघडलं, पण तो वेगळा विषय.

इकडे इव्हान्थिया भट्टीपाशी पीठ मळत होती आणि रडत होती. म्हणाली, "वार्वारा मावशी, बाबांना सांगू नका मी रडले. दुकान गेलं तर गेलं. ते जेवत नाहीत." खरंच, म्हातारा मधमाश्यांच्या पेट्यांपाशी बसायचा आणि कुणी हाक मारली तर ओ देत नव्हता. फोतिसकडे मी स्वतः गेले. तो बिचारा म्हणाला, "वार्वारा, ऑगस्टअखेरपर्यंत मी थांबतो, पण त्यापुढे माझा मुलगा थांबत नाही."

मग एका दुपारी मी समोरच्या ऑफिसात डोकावले. पोलिक्सेनी न्हाव्याच्या खुर्चीत बसून आरशात बघत होती.

"खोली घ्यायचे पैसे आहेत माझ्याकडे," ती आरशातूनच म्हणाली. "फोतिसला द्यायचे राहिलेत जवळजवळ तेवढेच."

मी दारातच बसले. या खोलीसाठी तिने किती वर्षं काटकसर केली ते मी समोरून पाहिलंय.

"मग दे बहिणीला," मी शेवटी म्हटलं.

"बहिणीने बहिणीला दिले तर वीस टक्के टॅक्स. मुलीने बापाला बँकेतून दिले तर शून्य. आणि बापाने दुसऱ्या मुलीला बँकेतून दिले तर शून्य."

"मग अडलंय कुठे? शून्य आणि शून्य! तूच तर शिकवलंस!"

ती केसांतला चश्मा काढून पुसत बसली.

ऑगस्टच्या मध्यावर, मरियामातेच्या जत्रेला चौकात चिनाराखाली टेबलं मांडली होती, मांस शिजत होतं, क्लॅरिनेट सुरू झाली होती. झिसिस काका येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते. आणि ते आले. तोच चर्चचा कोट, एका बाजूला पोलिक्सेनी, आणि दोन्ही हातांत तोच पत्र्याचा डबा! घासून पुसून लख्ख केलेला. चौकात कुजबुज उठली. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला असं मला वाटलं. पण डब्याला नवं झाकण नव्हतं, नुसतं फडकं होतं, आणि वाऱ्याने फडकं उडालं तेव्हा मला आतले रंग दिसले. युरो.

मी पोलिक्सेनीचा दंड धरला. "अगं बाई, हे काय? बापाच्या खात्यात घातलेस ते बरोबर. पण काढायचे कशाला? तिकडूनच तिच्या खात्यात टाकायचे! हातात दिले की दहा टक्के! गावासमोर!"

"माहीत आहे."

"बँकेतून शून्य होते ना?"

"माहीत आहे, वार्वारा. नोंद केली मी. ते दहा टक्केही माझेच."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. एका पावतीसाठी क्लॅरिनेटवाल्याच्या कपाळापर्यंत जाणारी बाई! जिने जन्मात कुणाला एक युरो जास्त भरू दिला नाही, ती! त्या दहा टक्क्यांत माझ्या दुकानाचं गळकं छप्पर नवं झालं असतं. मला काही बोलायचं होतं, पण समोर म्हातारा चालत होता आणि त्याची पाठ ताठ होती. जुलैनंतर पहिल्यांदा. मग मी तिचा दंड सोडला.

इव्हान्थिया पिटाचं ताट घेऊन उभी होती. ते कुणीतरी तिच्या हातातून घेतलं. क्लॅरिनेट थांबली. झिसिस काकांनी डबा पुढे केला, तिने खालून दोन्ही हात लावले आणि ती रडायला लागली. चौकात टाळ्या पडल्या, स्तेर्गिओससुद्धा उभा राहिला होता.

पण काकांनी डबा सोडला नाही. दोघंही तो धरून उभी. टाळ्या विरल्या तरी सोडेनात. मग त्यांनी मान वळवून थोरलीकडे पाहिलं.

"तुझ्या लायसनला काही होणार नाही ना?"

बँकेत हरवलेला पोलिक्सेनीचा आवाज परत आला, आणि असा आला की चिनारावरची पाखरं उडाली. "नाही, बाबा! दहा टक्के भरलेत! आता माझ्या लायसनला देवसुद्धा हात लावू शकत नाही!"

म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला.

"लेखी आहे?"

"लेखी आहे, बाबा."

मग त्यांनी डब्यावरचे हात काढले.